सोन्याच्या वाटेवरचा धक्का: ओल्ड सॅक्रामेंटोला जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्समला राहते. उन्हाळा आला की इथल्या मराठी घरांत भारतातून कुणाचे ना कुणाचे आईवडील येतात, बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागातून, मित्रमंडळी येतात, आणि सगळ्यांना मी सॅक्रामेंटो नदीच्या काठावरच्या जुन्या शहरात, म्हणजे ओल्ड सॅक्रामेंटोच्या धक्क्यावर घेऊन जाते. एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या शोधात निघालेली माणसं याच धक्क्यावर उतरली. इतक्या वेळा गेल्यावर माणसं तेच तेच प्रश्न विचारतात हे लक्षात आलं. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ही जागा मला फार जवळची आहे. आइस्क्रीम खाऊन आणि दोन फोटो काढून परत येऊ नये, एवढीच माझी इच्छा.

सोनं याच ठिकाणी सापडलं होतं का?

नाही, आणि सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. सोनं सापडलं ते इथून गाडीने तासाभराच्या अंतरावर, कोलोमा गावी, अमेरिकन नदीच्या दक्षिण फाट्यावर. २४ जानेवारी १८४८ या दिवशी जेम्स मार्शल नावाच्या सुताराला, तो बांधत असलेल्या लाकूडकापणीच्या गिरणीच्या पाटात पिवळे कण चमकताना दिसले. गिरणी होती जॉन सटर या स्विस जमीनदाराची. सटर १८३९ मध्ये या भागात आला होता आणि नदीपासून थोडं आत त्याने किल्ला बांधला होता. त्याचा माल नदीवर ज्या उताराला यायचा, तिथेच पुढे सॅक्रामेंटो शहर उभं राहिलं.

म्हणजे हा धक्का आहे. मुंबईकरांना भाऊचा धक्का म्हटलं की लगेच कळतं: होड्या लागतात, माणसं उतरतात, गाठोडी उतरतात, दलाल ओरडतात. इथे जगभरातली माणसं उतरली, कुदळ-फावडं-परात विकत घेतली आणि डोंगराकडे निघाली. परतही याच वाटेने आली. सोन्याचा इतिहास समजायचा तर खाणीइतकाच हा धक्काही पाहावा लागतो, आणि माझ्या मते आधी धक्काच पाहावा.

गोल्ड रश म्हणजे नेमकं काय? आम्ही शाळेत फारसं शिकलो नव्हतो.

सोनं सापडल्याच्या बातमीने कॅलिफोर्नियाकडे माणसांची जी झुंबड उडाली, ती म्हणजे गोल्ड रश. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो एखाद्या ओळीत येऊन गेला असेल. १८४८ म्हणजे पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ते वर्ष. तेव्हा कॅलिफोर्निया कागदोपत्री अजून मेक्सिकोची होती. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातलं युद्ध संपवणारा ग्वादालुपे इदाल्गोचा तह २ फेब्रुवारी १८४८ रोजी झाला, म्हणजे मार्शलला कण दिसल्यानंतर नऊ दिवसांनी. तह करणाऱ्यांपैकी कुणालाच सोन्याची वार्ता नव्हती.

सटरला ही गोष्ट दडवायची होती, कारण मजूर काम सोडून पळतील ही भीती त्याला होती. ती खरी ठरली. सॅम ब्रॅनन या दुकानदाराने मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर सोन्याच्या भुकटीची बाटली हातात धरून अमेरिकन नदीतल्या सोन्याचा पुकारा केला. त्याचं दुकान सटरच्या किल्ल्यापाशी होतं आणि खाणीला लागणारं सामान त्याने आधीच भरून ठेवलं होतं. डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष पोक यांनी काँग्रेसपुढच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढच्या, संदेशात बातमीवर शिक्कामोर्तब केलं, आणि १८४९ मध्ये जगभरातून लोंढा सुटला. त्या वर्षीच्या लोकांना आजही ‘फोर्टी-नाइनर्स’ म्हणतात. पुढच्या काही वर्षांत सुमारे ३ लाख माणसं कॅलिफोर्नियात आली. ९ सप्टेंबर १८५० रोजी हा प्रदेश अमेरिकेचं राज्यही झाला.

इतक्या लांबून लोक इथवर पोचायचे कसे?

तीन वाटा होत्या. पूर्व किनाऱ्यावरून जहाजाने दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून यायला पाच ते आठ महिने लागत. दुसरी वाट पनामाची: जहाजाने पनामापर्यंत, मग होडी आणि खेचरावरून जंगल पार करून दुसऱ्या किनाऱ्यावर, आणि तिथे पुढच्या जहाजाची वाट पाहत बसायचं. तापाने कितीतरी माणसं तिथेच गेली. तिसरी वाट बैलगाड्यांच्या तांड्यांची, थेट खंड ओलांडून. चिली, पेरू, मेक्सिको, चीन आणि ऑस्ट्रेलियाचे लोक अर्थात आपापल्या समुद्रमार्गाने आले.

समुद्रमार्गे येणारे सगळे आधी सॅन फ्रान्सिस्कोला उतरत आणि तिथून नदीने वर सॅक्रामेंटोला येत. १८४९ च्या नोव्हेंबरपासून ‘सेनेटर’ नावाची आगबोट या दोन शहरांमध्ये फेऱ्या मारू लागली. तिचं भाडं ३० डॉलरच्या घरात होतं. त्या काळच्या मजुराला ही रक्कम ऐकूनच घाम फुटला असेल.

खलाशीसुद्धा जहाजं सोडून डोंगराकडे पळाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत रिकामी जहाजं शेकड्यांनी उभी राहिली. काहींची गोदामं झाली, काहींची हॉटेलं, आणि काही तर भरावाखाली गाडली गेली. त्या शहराच्या आर्थिक भागात पाया खणताना आजही अशी जहाजं सापडली आहेत. ‘नायान्टिक’ १९७८ मध्ये निघालं, ‘जनरल हॅरिसन’ २००१ मध्ये. सॅक्रामेंटोतही तेच घडलं. ‘ला ग्रेंज’ नावाचं जहाज इथे नदीत बांधून त्याचा तुरुंग केला होता. १८६१ च्या पुरात ते बुडालं. धक्क्यावर उभं राहून पाण्याकडे पाहताना हे मनात आणा, म्हणजे नदी निराळी दिसते.

तिथे काय काय पाहायचं, आणि किती वेळ ठेवायचा?

अर्धा दिवस तर हवाच. रेल्वे संग्रहालय नीट पाहायचं असेल तर पूर्ण दिवस ठेवा.

सुरुवात आय स्ट्रीटवरच्या सॅक्रामेंटो हिस्टरी म्युझियमपासून करा. ही इमारत १८५४ च्या नगरभवनाची आणि पाणीपुरवठा केंद्राची प्रतिकृती आहे. आत नकाशे, सोन्याचे नमुने, जुनं छापखान्याचं यंत्र असं सगळं आहे. छापखाना चालवून दाखवणारे स्वयंसेवक असले तर त्यांच्याशी जरूर बोला. त्यांना घाई नसते आणि प्रश्न विचारलेले त्यांना आवडतात. जमिनीखालच्या शहराची फेरीही इथूनच निघते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

मग सेकंड स्ट्रीट आणि जे स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची बी. एफ. हेस्टिंग्ज इमारत. एप्रिल १८६० मध्ये सुरू झालेल्या पोनी एक्स्प्रेसचं, म्हणजे घोडेस्वारांच्या टपालाचं, पश्चिमेकडचं शेवटचं ठाणं ते हेच. ती टपालसेवा दीड वर्षच चालली. तारयंत्राची तार खंडभर पोचली आणि घोडे थांबले. समोर घोडेस्वाराचा मोठा पुतळा आहे आणि मुलं तिथून हलत नाहीत.

फ्रंट स्ट्रीटवर ईगल थिएटरची पुनर्रचना आहे. मूळ नाट्यगृह १८४९ च्या ऑक्टोबरात लाकडी सांगाडा आणि कापडाच्या भिंती अशा थाटात उभं राहिलं. जानेवारी १८५० च्या पुरात पाणी आत शिरलं आणि त्याचे दिवस संपले. नाटकवेड्या मराठी माणसाने त्याच्यासमोर क्षणभर थांबावंच. घरदार हजारो मैल मागे ठेवून आलेली, चिखलात राहणारी माणसं खिशातली सोन्याची भुकटी तोलून तिकीट काढत होती.

आणि कॅलिफोर्निया स्टेट रेलरोड म्युझियम. त्याला कमीत कमी दोन तास द्या. सेंट्रल पॅसिफिक या रेल्वे कंपनीचं पहिलं इंजिन ‘गव्हर्नर स्टॅनफर्ड’ तिथे आहे, आणि १८६९ मध्ये खंडाच्या दोन्ही बाजूंनी आलेले लोहमार्ग जोडले गेले त्या प्रसंगासाठी घडवलेल्या सोन्याच्या खिळ्यांपैकी एक खिळाही आहे.

‘जमिनीखालचं शहर’ ही काय भानगड आहे? तिकीट काढण्याजोगी आहे का?

एकच तिकीट काढणार असाल तर हे काढा.

सॅक्रामेंटो दोन नद्यांच्या संगमावर आहे आणि मूळ जमीन सखल. सटरच्या मुलाने, धाकट्या जॉन सटरने, डिसेंबर १८४८ मध्ये इथे शहराची आखणी करवली तेव्हा व्यापाऱ्यांना धक्का हवा होता, म्हणून शहर थेट पाण्याला चिकटून बसवलं. जानेवारी १८५० मध्ये पहिला मोठा पूर आला. बांध घाला, बांध घाला असं हार्डिन बिगेलो नावाचे गृहस्थ कळकळीने सांगत होते. लोकांनी त्यांनाच महापौर केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जमिनीच्या मालकीवरून दंगल झाली, तीत त्यांना गोळ्या लागल्या, आणि ते सावरत असतानाच नोव्हेंबरात कॉलऱ्याने गेले. पूर, दंगल आणि साथ, शहराच्या वाट्याला हे सगळं एका वर्षात आलं. ऑक्टोबरात आलेल्या त्या साथीत काही आठवड्यांत शेकडो माणसं दगावली. रुग्णांना सोडून न गेलेले १७ डॉक्टरही त्यांत होते.

बांध घातले, तरी नदी ऐकेना. डिसेंबर १८६१ आणि जानेवारी १८६२ चा पूर सगळ्यात भयंकर होता. १० जानेवारी १८६२ रोजी लीलंड स्टॅनफर्ड यांचा गव्हर्नर म्हणून शपथविधी होता. ते होडीतून गेले, आणि परत आले तेव्हा घरात दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून शिरले असं इथे सगळे सांगतात. विधिमंडळाने तर काही काळासाठी मुक्कामच सॅन फ्रान्सिस्कोला हलवला.

मग शहराने ठरवलं की गाव हलवायचं नाही, रस्तेच वर उचलायचे. रस्त्याच्या दोन्ही कडांना विटांच्या भिंती बांधल्या आणि मधे गाड्या भरभरून माती ओतली. साधारण तीन मीटर, काही ठिकाणी त्याहून जास्त. हे काम जवळजवळ दहा वर्षं चाललं. काही इमारती स्क्रू-जॅक लावून इंचाइंचाने वर घेतल्या. बाकीच्यांचा तळमजला तळघर झाला आणि वरचा मजला नवा तळमजला. रस्त्याची भिंत आणि इमारत यांच्यामधली पोकळी नव्या फुटपाथखाली तशीच राहिली. आज तुम्ही ज्या लाकडी फळ्यांवरून चालता, त्यांच्याखाली १८५० च्या दशकातलं गाव आहे. खाली उतरून विटांच्या त्या कमानी आणि एकेकाळचे दर्शनी दरवाजे पाहताना माझी आई म्हणाली होती, ‘म्हणजे ह्यांनी अख्खं गाव जोत्यावर चढवलं की!’ तिच्याइतकं नेमकं मला अजून सांगता आलेलं नाही.

फेरी साधारण तासाभराची असते आणि वर्षभर चालत नाही, म्हणून तारखा आधी संकेतस्थळावर पाहून तिकीट काढा. सुट्टीच्या दिवशी जागा भरतात. फेरी न मिळाल्यास काही इमारतींच्या मागच्या बाजूला डोकावा. तिथली अंगणं अजून जुन्या पातळीवरच आहेत.

इमारती अस्सल आहेत की सिनेमाच्या सेटसारख्या?

दोन्ही प्रकार आहेत आणि फरक ओळखायला शिकलं तर मजा वाढते. १८४९ मधलं गाव लाकूड आणि कापडाचं होतं. २ नोव्हेंबर १८५२ च्या रात्री लागलेल्या आगीत त्याचा बहुतेक भाग जळून गेला. त्यानंतर विटांची बांधकामं आली. म्हणून आज दिसणाऱ्या खऱ्या जुन्या इमारती बहुतेक आगीनंतरच्या आहेत.

पुढे विसाव्या शतकात हा भाग अगदी उतरणीला लागला होता. १९६० च्या दशकात आय-५ महामार्ग इथूनच काढला गेला, त्यात बऱ्याच जुन्या वास्तू गेल्या. जे उरलं ते १९६५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झालं आणि डागडुजी सुरू झाली. ईगल थिएटर आणि हिस्टरी म्युझियम या पुनर्रचना, हेस्टिंग्ज इमारत अस्सल. दारापाशीच्या पाट्या वाचत गेलात तर कोणती कोणत्या जातीची ते कळतं.

डेल्टा किंग ही मोठी पांढरी बोट गोल्ड रशच्या काळातली आहे का?

नाही. ती १९२७ ची. सॅक्रामेंटो आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये रात्रीचा प्रवास करायची. आता हॉटेल आहे. शेजारचा सोनेरी टॉवर ब्रिज १९३५ चा. दोन्ही सुंदर आहेत, फोटो काढा, पण मुलांना काळ नीट सांगा.

सोनं धुऊन पाहायला मिळतं का?

हो. हिस्टरी म्युझियमच्या कार्यक्रमांत ते शिकवतात. ते कोणत्या दिवशी आहे हे विचारून जा.

आपल्या लोकांना हे चटकन जमतं, कारण ही कृती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. आजी तांदूळ कसे रोळायची ते आठवा. पातेल्यात पाणी घ्यायचं, गोल हिसके द्यायचे, तांदूळ पाण्याबरोबर हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओतायचे, आणि खडे जड म्हणून तळाशी उरतात. सोन्याचं अगदी तसंच. वाळूपेक्षा सोनं सातपट जड असतं, त्यामुळे परात पाण्यात हलवली की ते खाली बसतं आणि वाळू काठावरून वाहून जाते. सराफकट्ट्यावरची धूळ-माती गोळा करून, धुऊन, सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. घाई केली तर सोनंही वाहून जातं. एका पाहुण्या काकूंनी पहिल्याच परातीत तीन कण वेगळे काढले तेव्हा शिकवणाऱ्याने त्यांना आधी कुठे शिकलात म्हणून विचारलं होतं. काकूंनी ‘कोल्हापुरात, तांदळावर,’ असं उत्तर दिलं आणि मला त्याचं भाषांतर करावं लागलं.

एका माणसाला किती सोनं मिळायचं? तोळ्यात सांगा.

तिथे हिशेब औंसात चालायचा. सोन्याचा एक औंस म्हणजे ३१ ग्रॅम, आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने तीन तोळ्यांहून किंचित जास्त. खाणीच्या भागात औंसाला साधारण १६ डॉलर धरत. इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे १८४८ मध्ये एका माणसाची दिवसाची सरासरी कमाई २० डॉलरच्या आसपास होती, म्हणजे जवळपास चार तोळे. १८५२ पर्यंत ती ६ डॉलरवर आली. गंमत अशी की १८५२ मध्येच एकूण उत्पादन सर्वाधिक झालं, ८ कोटी डॉलरहून अधिक. सोनं भरपूर निघत होतं, पण वाटेकरी त्याहून वाढले होते. वर पीठ, बटाटे, बूट यांचे भाव आकाशाला भिडलेले. बरीचशी माणसं आली तशीच रिकाम्या हाताने परत गेली.

मग श्रीमंत झालं कोण?

दुकानदार. या धक्क्यावर उभं राहून हे उत्तर दिलं की पाहुण्यांना लगेच पटतं, कारण दुकानं समोरच असतात. ब्रॅननचं नाव वर आलंच आहे. कॉलिस हंटिंग्टन आणि मार्क हॉपकिन्स यांचं हार्डवेअरचं दुकान इथलंच. स्टॅनफर्ड किराणा मालाचे व्यापारी, चार्ल्स क्रॉकर कापडाचे. या चौघांनी सेंट्रल पॅसिफिक रेल्वे उभी केली. तिची पहिली माती ८ जानेवारी १८६३ रोजी इथेच, के स्ट्रीटच्या नदीकडच्या टोकाला उकरली गेली. स्टॅनफर्ड विद्यापीठाचं मूळही याच पैशात आहे.

ज्याला पाटात सोनं सापडलं त्या मार्शलचा अखेरचा काळ हलाखीत गेला. सटरच्या जमिनीवर लोकांनी तंबू ठोकले, गुरं मारून खाल्ली. नुकसानभरपाईसाठी काँग्रेसकडे अर्ज करत करत तो १८८० मध्ये वॉशिंग्टनला वारला.

रेल्वेवरून एक गोष्ट सांगते. कॅलिफोर्नियातली पहिली रेल्वे याच धक्क्यावरून आमच्या फॉल्समपर्यंत धावली, फेब्रुवारी १८५६ मध्ये, सुमारे ३५ किलोमीटर. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली होती, सुमारे ३४ किलोमीटर. जवळपास तेवढंच अंतर, आणि आपली गाडी तीन वर्षं आधीची. हे ऐकल्यावर प्रत्येक मराठी काका ताठ होऊन बसतात.

मूळ रहिवाशांबद्दल, चिनी लोकांबद्दल काही पाहायला मिळतं का?

पूर्वीपेक्षा जास्त, तरी पुरेसं नाही. म्हणून हे जाण्याआधीच वाचून ठेवा.

ही भूमी निसेनान आणि मिवोक लोकांची. सटरच्या किल्ल्यातली शेती आणि बांधकाम त्यांच्याच श्रमावर चाललं, आणि त्यांतले बरेच श्रम जबरदस्तीचे होते. गोल्ड रश आल्यावर त्यांच्या नद्या गढूळ झाल्या, शिकार संपली, साथी आल्या आणि उघड कत्तली झाल्या. १८५० च्या राज्याच्या कायद्याने मूळ रहिवाशाला भटक्या ठरवून पकडता येई आणि त्याच्या श्रमाचा लिलाव करता येई. मुलांनाही कामाला बांधून घेता येई. पहिले गव्हर्नर पीटर बर्नेट यांनी १८५१ मध्ये विधिमंडळापुढे, हे लोक नष्ट होईपर्यंत युद्ध चालणार अशी भाषा केली. १८४६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात त्यांची संख्या अंदाजे दीड लाख होती. १८७० च्या सुमारास ती ३० हजारांवर आली. २०१९ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी राज्याच्या वतीने माफी मागितली आणि याला वंशसंहार म्हटलं. ती माफी मागितली ती नदीच्या पलीकडच्या काठावर, वेस्ट सॅक्रामेंटोत. धक्क्यावरून पलीकडे पाहताना मी पाहुण्यांना हे सांगतेच, सहलीचा रंग थोडा उतरला तरी चालेल.

चिनी लोक सॅन फ्रान्सिस्कोला ‘दाय फाउ’, मोठं शहर, आणि सॅक्रामेंटोला ‘यी फाउ’, दुसरं शहर म्हणत. त्यांची वस्ती आय स्ट्रीटला, एका दलदलीच्या तळ्याच्या काठी होती. ते तळं बुजवून झालेल्या जमिनीवर आजचं रेल्वे स्टेशन आहे. १८५० मध्ये परदेशी खाणकामगारांवर महिना २० डॉलर कर बसला. त्याने मेक्सिको, चिलीच्या लोकांना हाकलून लावलं. १८५२ पासूनचा दुसरा कर मुख्यतः चिन्यांकडून वसूल झाला. १८५४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष ग्राह्य नाही असा निकाल दिला. मग याच चिनी माणसांनी हजारोंच्या संख्येने सिएरा पर्वतातून रेल्वेचे बोगदे खोदले. रेल्वे संग्रहालयात त्यांच्यावरचं दालन आहे, ते चुकवू नका.

कृष्णवर्णीयांचाही इतिहास इथे आहे. कॅलिफोर्निया गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून आलं, तरी मिसिसिपीहून आणलेल्या आर्ची ली या तरुणाला १८५८ मध्ये न्यायालयाने मालकाच्या ताब्यात देण्याचा निकाल दिला. सॅक्रामेंटो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मुक्त कृष्णवर्णीय समाजाने पैसे जमवले, वकील दिले, आणि अखेर तो सुटला. बाहेरून आलेल्या माणसांनी परक्या गावात एकमेकांसाठी कसं उभं राहावं, हे मला इथे दिसतं.

वयस्कर आईबाबांना झेपेल का?

झेपेल, सावकाश घेतलं तर. फुटपाथ लाकडी फळ्यांचे आहेत, फळ्यांमध्ये फटी आहेत, काठी अडकू शकते. गल्ल्यांत दगडी फरसबंदी आहे. चपला नकोत, बूट घाला. जमिनीखालच्या फेरीत उतरणं-चढणं आणि उभं राहणं आहे. गुडघे दुखत असतील तर फेरी घेणाऱ्यांना आधी विचारा. रेल्वे संग्रहालय थंडगार आहे, बसायला जागा आहे, आणि बाबालोक तिथे रमतात. आई-बाबांना तिथे बसवून तरुणांनी खालची फेरी करावी, हा माझा नेहमीचा बेत.

खाण्याची दुकानं भरपूर आहेत, पण शाकाहारी माणसाला पिझ्झा, फ्राइज आणि टॅफी नावाच्या चिकट गोळ्यांवर दिवस काढावा लागू शकतो. आम्ही दशम्या, चटणी आणि दहीभाताचा डबा नेतो आणि नदीकाठच्या बाकावर बसतो.

कधी जावं?

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ३८ अंशांच्या वर जातं, नागपूरकरांनाच ते सोसेल. उन्हाळ्यातच यावं लागलं तर सकाळी दहाला पोचा. हिवाळ्यात दाट धुकं असतं, पण जुन्या धक्क्याला ते शोभतं.

गाडी चालवायची नसेल तर?

बे एरियातून कॅपिटल कॉरिडॉर ही आगगाडी सॅन होजे, ओकलंड, बर्कली, रिचमंड, डेव्हिस करत सॅक्रामेंटोला येते. रिचमंडला बार्टमधून, म्हणजे बे एरियाच्या लोकल रेल्वेतून, उतरून तीच गाडी धरता येते. स्टेशनपासून जुनं शहर पायी दहा-पंधरा मिनिटं. गाडीने येणाऱ्यांसाठी महामार्गाला लागून पैसे देऊन लावायचे वाहनतळ आहेत. शनिवारी-रविवारी दुपारपर्यंत ते भरतात.

मुलं कंटाळतील का?

कॅलिफोर्नियात चौथीत गोल्ड रश अभ्यासाला असतो, त्यामुळे इथली मुलं आजीआजोबांनाच समजावत फिरतात. अजिबात कंटाळत नाहीत.

नदीत उतरता येतं का? मासे धरता येतात का?

धक्क्यापाशी उतरू नका. पाणी डोंगरावरच्या बर्फाचं, बाहेर कितीही ऊन असलं तरी गार, आणि ओढ जबरदस्त असते.

माशांबद्दलचं उत्तर पुन्हा सोन्यापाशी जातं. परातीने मिळणारं सोनं संपल्यावर १८५३ पासून डोंगरांवर पाण्याचे प्रचंड फवारे मारून अख्खे उतार वाहवले गेले. सोनं धरायला पारा वापरला. त्या गाळाने नद्यांचे तळ वर आले, खालच्या शेतांवर चिखल बसला, पूर वाढले. शेतकरी न्यायालयात गेले आणि १८८४ मध्ये न्यायाधीश सॉयर यांनी गाळ नदीत सोडायला मनाई केली. पारा मात्र अजून तळाशी आहे. म्हणून या नद्यांतले कोणते मासे किती खावेत याच्या सरकारी सूचना आहेत, आणि गरोदर बायका व लहान मुलांसाठी त्या जास्त कडक आहेत. मासे धरणाऱ्यांनी त्या वाचूनच जावं.

त्याच दिवशी कोलोमाही होईल का?

होईल, पण दमछाक होईल. दोन दिवस ठेवा: पहिल्या दिवशी धक्का, दुसऱ्या दिवशी कोलोमा. मार्शल गोल्ड डिस्कव्हरी स्टेट हिस्टॉरिक पार्कमध्ये गिरणीची प्रतिकृती आहे, दोन जुनी चिनी दुकानं आहेत, आणि टेकडीवर मार्शलचा पुतळा सोनं सापडल्या जागेकडे बोट दाखवत उभा आहे. नदीकाठी ठरवून दिलेल्या जागेत परातीने वाळू धुता येते. फक्त हात आणि परात, खोदायची अवजारं चालत नाहीत. परात घरून आणली तरी चालेल. पालथी घालून वाळवायला गाडीत एक जुना टॉवेल ठेवा, आणि मुलांचे कपडे बदलायला एक जोड.